शंभरची एक पुरे

अहो,

मोटरहोमच्या लिथियम बॅटरीसाठी तुम्ही केलेला हिशेब टेबलावरच राहिला होता, तो मी वाचला. फ्रिज, पंप, दिवे, पंखा, तुमचा रेडिओ, अगदी दाढीचं मशीनसुद्धा त्यात आहे. खाली ‘शंभरची एक पुरे’, म्हणजे शंभर अँपिअर-अवरची एकच बॅटरी, असं लिहून दोन रेघा ओढल्यात.

झोपताना मी नाकाला लावते ते श्वासाचं मशीन मात्र त्यात कुठेच नाही. दोन वर्षं त्याची घरघर ऐकत झोपताय, तेव्हा माहीत नव्हतं असं म्हणू नका. गाडी घेऊन फिरायला निघायचं ते आपण दोघांनी, असंच ठरलं होतं ना?

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, मशीन घेऊन या, किती वीज खातं ते बघून सांगतो, बहुतेक दोन लागतील. सीटखालची जागा मी मोजली, दोन बसतात. आता तिकडेच निघालेय. जेवण झाकून ठेवलंय.

विसरला असाल तर काही बोलू नका, मी दोन घेऊन येते. विसरला नसाल, मुद्दामच गाळलं असेल, तर पाचच्या आत फोन करा, पाचला दुकान बंद होतं.

फोन मी पर्समध्ये टाकलेला नाही, हातातच धरलाय.