माझ्या अक्षरातले दोन फॉर्म

मी, मनकर्णा सूर्यभान गजभारे, वय वर्षे ऐंशी, निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार काचीगुडा, हैदराबाद, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचेही ऐकून न घेता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके गेलेले नाही. तसा डॉक्टर अंबाजी वाघमारे यांचा दाखला सोबत जोडला आहे. वकिलांच्या छापील नमुन्यात सर्वांत वर देवाचे नाव होते, ते मी खोडले. आमच्या घरात १९५६ पासून ते नाव नाही. "देहाचा भरवसा नाही" हे वाक्यही काढले. ऐंशीव्या वर्षी ते वेगळे सांगावे लागत नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवल्यास ते खोटे समजावे.

कलम १. माझे पती सूर्यभान नागोराव गजभारे १९९४ साली वारले. आमचा एकुलता मुलगा सुगत, वय ४८, सिव्हिल इंजिनियर, २००१ पासून कुटुंबासह कॅनडात आहे. त्याच्याशिवाय मला वारस नाही.

कलम २. स्वयंपाकघरातील सर्व भांडी, शिलाई मशीन आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते गंगूला द्यावे. ती बावीस वर्षे माझ्याकडे स्वयंपाक करते. माझे बोलणे तिने मुकाट्याने ऐकले आणि मीठ स्वतःच्याच मनाने टाकले. भांडी देताना कोणी मोजत बसू नये.

कलम ३. पतीची कंपासपेटी, टी-स्क्वेअर आणि उंच स्टूल सुगतला. सूर्यभान निजामाच्या काळात उर्दूतून शिकून बांधकाम खात्यात नक्षानवीस, म्हणजे ड्राफ्ट्समन, झाले. सरळ रेघ मारताना ते श्वास रोखून धरत. हे स्टूल त्यांना निरोपसमारंभात मिळाले, कारण एकतीस वर्षे ते त्यावरच बसले होते. ही भेट देणाऱ्यांना त्यात काही गैर वाटले नाही. मला वाटले, आणि मी ते तिथे सांगितले.

कलम ४. हे कलम माझे दीर दत्तोबा यांच्यासाठी आहे. १९५६ साली हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले, तेव्हा दोघा भावांना कुठल्या राज्यात नोकरी करायची ते विचारणारा फॉर्म आला. दत्तोबांनी मुंबई राज्य मागितले, नांदेडला गेले आणि कार्यकारी अभियंता होऊन निवृत्त झाले. सूर्यभान इथेच राहिले. इथे उर्दूची किंमत संपली. तेलुगूच्या परीक्षेत ते तीनदा नापास झाले. नव्या ज्येष्ठता यादीत त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसे त्यांच्या वर बसली. घर तेच, रस्ता तोच, पण ऑफिसात ते परदेशी झाले.

दत्तोबा दर भेटीत म्हणतात, "वहिनी, दादा भित्रा निघाला. माझ्याबरोबर आला असता तर आज बंगल्यात असता." त्यांना जावयांसमोरही हे म्हणताना मी ऐकले आहे.

सूर्यभान यांच्या त्या फॉर्मची प्रत माझ्या लोखंडी पेटीत, निळ्या कापडात आहे. ती दत्तोबांना द्यावी. त्यांनी अक्षर ओळखावे. ते माझे आहे. माझे अक्षर चांगले म्हणून घरातले सगळे अर्ज मीच लिहीत असे. सूर्यभान म्हणाले होते, "दत्तू जातोय, आपणही जाऊ." मी म्हणाले, "राजधानीतली नोकरी सोडून जिल्ह्याच्या गावाला कोण जातं?" खरे कारण वेगळे होते. मला इथल्या कॉलेजात बी.ए. पुरे करायचे होते. मी ते केले आणि मुख्याध्यापिका झाले. सूर्यभान यांनी त्याबद्दल जन्मभर एक शब्द काढला नाही. दत्तोबांनी आता भावाला नावे ठेवणे थांबवावे. ठेवायची तर मला ठेवावीत. मला ऐकू येणार नाही.

कलम ५. दुसरा फॉर्म कॅनडाचा. तोही मीच भरला. सुगत तेव्हा चौतीस वर्षांचा होता. कुकटपल्लीत त्याने आखलेल्या पाण्याच्या तीन उंच टाक्या आजही गळत नाहीत. त्या फॉर्ममध्ये शिक्षणाला गुण, वयाला गुण, इंग्रजीला गुण होते. मी बेरीज केली आणि तो चांगल्या श्रेणीत पास झाला. मला परीक्षेचे कागद कळतात, म्हणून मला वाटले की ही परीक्षा आहे. ती फक्त दारातून आत घेण्यापुरती होती.

आत गेल्यावर त्याला विचारले, "इथल्या कामाचा अनुभव आहे का?" अनुभव नाही म्हणून परवाना नाही, परवाना नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून अनुभव नाही. सूर्यभानच्या तेलुगूच्या परीक्षेला निदान पुढची तारीख तरी मिळत असे. सुगत एका मोठ्या गोदामात खोकी उतरवायला लागला. "सहा महिन्यांपुरतं" म्हणाला होता. आता चौदावे वर्ष चालू आहे.

मला हे ठाऊक नव्हते. मला तो "बरं चाललंय, आई" एवढेच सांगत असे. उरलेले मी माझ्या मनाने जोडले. अंबरपेठेच्या विहारात गुणवंतांच्या भिंतीवर त्याचा फोटो आहे. खाली पाटी आहे: "कॅनडात पूल बांधणारे आपले पहिले अभियंता." तो मजकूर माझा. दर चौदा एप्रिलला लोक पोरांना कडेवर घेऊन तो फोटो दाखवतात. तो पाहून वस्तीतली तिघे परदेशी गेली. दोघे संगणकवाले होते, त्यांना त्यांच्या शिक्षणाचे काम मिळाले. तिसरी फार्मसिस्ट मुलगी दुकानाच्या गल्ल्यावर बसते. हुशारी तिघांची सारखीच होती, तिघांना मीच शिकवले आहे. पुढे जाणाऱ्यांनी आपल्या विद्येला तिथे कोण विचारते, हे आधी तिथल्या कामकऱ्याला विचारावे. आईला विचारू नये.

कलम ६. तीन वर्षांपूर्वी, जानेवारीत, सुगत एकटा आला होता. विहारात सत्कार झाला. भाषण करताना त्याने हात खिशातून काढले नाहीत. हार घालून घेतानाही फक्त मान वाकवली. घरी आल्यावर मी म्हणाले, "ही काय पद्धत? हात दाखव." त्याने दाखवले. तळव्यांवर खोकी कापायच्या सुरीचे व्रण होते, बोटांची पेरे फुटली होती. मग त्याने सगळे सांगितले, गंगूने वाढलेले ताट समोर तसेच ठेवून.

निघायच्या दिवशी दाराशी उभा राहून तो म्हणाला, "आई, मी राहिलोच तर?"

मी म्हणाले, "तिकीट परतीचं आहे."

एवढेच म्हणाले. तो वाकून पाया पडला आणि गेला. लोक काय म्हणतील हे माझ्या मनात होते, आणि ते लोक म्हणजे मीच होते. त्यानंतर दर रविवारी फोन होतो. मी विचारते, "थंडी किती?" तो आकडा सांगतो. दोनदा मी दुसरे काही बोलायला तोंड उघडले. दोन्ही वेळा थंडीचेच विचारले.

कलम ७. काचीगुड्याचे दोन मजली घर जागेसह सुगतला. या कलमाचे दोन मसुदे मी फाडले. पहिल्यात अट होती की त्याने परत येऊ नये. दुसऱ्यात होती की वर्षाच्या आत परत यावे. आता अट नाही. राहावे, विकावे, कुलूप लावून ठेवावे. वरच्या खोलीची किल्ली गंगूकडे आहे, खोली दर आठवड्याला झाडली जाते. ही माहिती आहे, अट नव्हे. विहारातली पाटी मात्र खोटी आहे, ती काढावी. फोटोचे काय करायचे ते तो सांगेल.

कलम ८. माझ्या मृत्यूनंतर डॉक्टर अंबाजींनी कलम ४ ते ७ ची प्रत सुगतला पाठवावी. ती विहारात सर्वांना वाचून दाखवायची की नाही, हे त्याने ठरवावे. त्याच्या वतीने मी आणखी काही भरणार नाही.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी डॉक्टर अंबाजी वाघमारे यांनी करावी.

साक्षीदारांविषयी. खालच्या मजल्यावरचे भाडेकरू हणमंतराव हे पहिले साक्षीदार. ते मूळ गुंटूरकडचे, सचिवालयात कारकून. आता पुन्हा राज्याचे दोन तुकडे झाले आणि कुठले राज्य हवे ते विचारणारा फॉर्म त्यांच्या हाती आला. गेल्या आठवड्यात तो घेऊन ते जिना चढून आले. "अम्मा, ये आपही भर देव. आपका हाथ अच्छा है."

"नक्को. अपना फॉर्म अपने हाथ से भरो."

"गलत हुआ तो?"

"तो गलती तुम्हारी होगी. मेरे पास मेरी दो हैं, तीसरी नक्को."

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, म्हणून हणमंतरावांना मी सल्लाही दिलेला नाही.

त्यांना मराठी येत नाही, तरी आपण कशावर सही करतो हे माणसाला कळावे, म्हणून आज वरील सर्व मजकूर हिंदीत सांगितला. कलम ८ ऐकून त्यांनी पेन खाली ठेवले. "अम्मा, ये तो आपके जाने के बाद मिलेगा उसको. आपकी तबियत तो अच्छी है. तब तक वो बच्चा क्या करेगा? आपके मरने की राह देखेगा?"

दुसरे साक्षीदार डॉक्टर अंबाजी समोरच बसले होते. मी कलम ८ चा कागद वर काढून पुन्हा वाचला.

दुरुस्ती. कलम ८ मधील "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द मी खोडले असून त्या जागी "उद्या" असे लिहिले आहे. खाडाखोड माझ्या हातची आहे आणि ती मला मान्य आहे.

ठिकाण: काचीगुडा, हैदराबाद
दिनांक: ८ फेब्रुवारी २०१५

(सही) मनकर्णा सूर्यभान गजभारे

वरील सही आणि कलम ८ मधील खाडाखोड आमच्या डोळ्यांसमोर झाली.

साक्षीदार:
१. (सही, तेलुगूत) हणमंतराव, तळमजला, वरील पत्ता
२. (सही) डॉ. अंबाजी वाघमारे, काचीगुडा. प्रत मिळाली. उद्या सकाळी पोस्ट उघडताच टाकतो.