ठाण्यातच राहू दे

मरोळ, अंधेरी पूर्व
रविवार, सकाळ

प्रिय खंडू,

मंगळवारी तुझा फोन आला तेव्हा मी गुडघा दुखतोय म्हणालो. गुडघा झकास आहे. कालच नारळांची पिशवी घेऊन तीन मजले चढलो. तू म्हणालास, "निवडणुकीचा निकाल कधीच लागला लवू, चल, आपली हत्यारं सोडवून आणू," आणि मी बिचाऱ्या गुडघ्याला पुढे केलं. शुक्रवारी पाहुणे आलेत म्हणालो. पाहुणेही नव्हते. काल मात्र तू तुझ्या फौजी आवाजात बजावलंस, की तू येत नसशील तर सोमवारी मी एकटा जातो. म्हणून आज लिहायला बसलोय. तू तुझं रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यातून परत आणू नयेस असं मला वाटतं. हे तोंडावर सांगायला गेलो असतो तर तू चहा ठेवला असतास, मी काहीतरी विनोद केला असता आणि विषय तिथेच बारगळला असता. आपल्या दोघांना ती जुनी खोड आहे.

किती निवडणुका झाल्या रे आपल्या! निवडणूक म्हटली की बाकीचे लोक मत कुणाला द्यायचं ते बघतात, आपल्यासारखे परवानेवाले आधी हत्यार जमा करायला धावतात. आधी तुझं असल्फ्याकडचं ठाणं, मग माझं इकडचं, मग मिसळ. निकाल लागला की तोच फेरा उलटा. यंदा महापालिकेच्या वेळी तुझ्या ठाण्यात बाकावर बसलो होतो ते आठवतं? सराफ देवदत्तशेठ नेहमीसारखे सुरू झाले. पहिलं रिव्हॉल्व्हर घेतलं तेव्हा त्यांनी ते तांदळाच्या डब्यात लपवलं होतं, आणि आईने भातासाठी डब्यात हात घातल्यावर आख्खी चाळ गोळा झाली होती. मग पेट्रोल पंपवाल्या सुबोधने त्याची गोष्ट सांगितली. त्याने सहा महिने पेटी उघडलीच नव्हती, कारण किल्ली बायकोच्या मंगळसूत्राला आणि बायको माहेरी. दर वेळी त्याच गोष्टी आणि तेच हसणं. पहिलं हत्यार कसं घेतलं ते सांगितल्याशिवाय त्या बाकावरून कुणी उठत नाही. मग सगळे तुझ्याकडे वळले, कारण कानपूरची गोष्ट तुझी. तू सांगायची आणि मी मधे मधे चुका काढायच्या, असा आपला रिवाज. यंदा तू म्हणालास, "लवू सांगेल." मी सांगितली, पण मला ती जमली नाही. तू सगळा वेळ खाली फरशीकडे बघत होतास.

आज तुलाच सांगतो, चुका तू काढ. सत्त्याण्णव साल. साकीनाक्याला माझा पितळी नळांचे भाग करायचा गाळा होता आणि तू नुकताच फौजेतून सुटून आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटीच्या गेटवर पहाऱ्याला लागला होतास. मला खंडणीचे फोन यायला लागले. आमच्या अख्ख्या घराण्यात गिरणीतल्या मुकादमापलीकडे कुणाला कुणी घाबरलेलं नव्हतं, आणि माझे मात्र फोन वाजला की हातपाय गार पडायचे. तुला पैशांच्या गाडीबरोबर जायची चांगली नोकरी चालून आली होती, पण त्यांना स्वतःचं हत्यार असलेला माणूस हवा होता. म्हणजे मला ते भीतीपोटी हवं होतं आणि तुला पोटासाठी. परवाने हातात पडले आणि आपण कुर्ला टर्मिनसवरून कानपूरची गाडी पकडली. माझ्या घरून सुलक्षणाने सुकटाची चटणी आणि भाकऱ्या दिल्या होत्या, तुझ्या घरून सोनूवहिनींनी शेंगदाण्याची चटणी आणि भाकऱ्या. डब्यातल्या भैयांनी सुकटाच्या वासाने खिडक्या उघडल्या आणि तू फौजी कार्ड दाखवून त्यांना गप्प केलंस. तिथल्या हत्यारांच्या सरकारी कारखान्यात रिव्हॉल्व्हर माझ्या हातात दिलं तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर जडपणा. एवढीशी वस्तू आणि हाताला ओढ लागली. तू मात्र ते उचललंस, उघडून बघितलंस, मिटलंस आणि म्हणालास, "पंधरा वर्षं सरकारची बंदूक वागवली. हे माझं स्वतःचं." तुझा तो चेहरा मी पुन्हा एकदाच पाहिला, तुझा विकी जन्मला तेव्हा.

आणि मग आपण माती खाल्ली. परत आल्यावर माझ्या घरी दोन्ही पेट्या एकदमच उघडल्या, सुलक्षणाला दाखवायला. शेजारचे आले, तेही बघून गेले, आणि ठेवताना तुझं माझ्या पेटीत गेलं, माझं तुझ्या. दोन्ही एकाच घडणीची, नंबर कोण बघतो? परवान्यावर नोंद करून घ्यायला गेलो तेव्हा तिथल्या साहेबांनी नंबर ताडून पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, "याचं त्याच्याकडे, त्याचं याच्याकडे. लग्नातल्या चपला आहेत काय या? टाकू दोघांना आत?" तू खाडकन सावधान उभा राहिलास. मला हसू आवरेना आणि साहेबांनी आपल्याला संध्याकाळपर्यंत बाहेर बसवून ठेवलं. तुझ्या घरी तर वेगळाच खटला. वहिनींनी ते उंबऱ्यातच अडवलं. "बुद्धाच्या फोटोखाली ही वस्तू मी ठेवू द्यायची नाही. तुमची नोकरी आहे, म्हणून घरात येऊ दे. पण माझ्या नजरेला पडता कामा नये," असं म्हणाल्या आणि तू ते ट्रंकेत तळाशी ठेवलंस. माझ्याकडे उलटं. सुलक्षणाने दसऱ्याला त्याच्यावर हळदकुंकू असं काही ओतलं, की ते आत शिरून घट्ट बसलं. तू साफ करत बसलास आणि म्हणालास, "वहिनी, तेल चालेल. कुंकू नको."

तुझ्या-माझ्या हातून त्याची एकही गोळी कुणावर झाडली गेली नाही याचं मला फार बरं वाटतं. खंडणीचे फोन आपसूकच बंद झाले. पैशांच्या गाडीवर तू निवृत्त होईपर्यंत राहिलास आणि तुझा हात कमरेपर्यंत कधी गेला नाही. मग नोकरी संपली, पण दर वेळी आपण परवाने वाढवून घेत राहिलो. का, ते आपल्यालाही सांगता आलं नसतं. सवय म्हणू या. निवडणुकीच्या निमित्ताने भेटणं होत होतं, तेही खरं.

गेल्या पावसाळ्यात सोनूवहिनी गेल्या. त्यानंतर मी तुझ्याकडे बघतो आहे खंडू, आणि मला ते बघवत नाही. विकी आणि सूनबाई शीतल मुलुंडला बोलावतात, तू जात नाहीस. रविवारी विहारात जायचं तू सोडलंस. पोरांना कवायत शिकवायचास, तेही बंद. आजारी माणसासारखं उदास राहतोस हे मी समजू शकतो, माणूस गेल्यावर तेवढं होणारच. पण तू वस्तू वाटायला लागलास. विकीला तुझी पदकं दिलीस. गॅलरीतली वहिनींची तुळस आणि गुलाब खालच्या मानसीला दिलेस. भर थंडीत स्वतःची लोकरीची शाल माझ्या खांद्यावर टाकलीस आणि म्हणालास, मला आता लागत नाही. आणि मंगळवारी फोनवर हत्यार सोडवून आणायचं बोलताना तू म्हणालास, "एकदा घरात आणून ठेवलं की मग काही काळजी नाही." कसली काळजी रे? घरात चोरण्यासारखं तू काही शिल्लक ठेवलेलं नाहीस. 

तू म्हणशील, लवू, तू नको ते मनात आणतोस. आणत असेन. पण मला हे कुठून सुचलं ते आता सांगतो, जे मी सुलक्षणालाही सांगितलेलं नाही. एकोणीस साली गाळा बंद झाला. पैशांची ओढाताण नव्हती, लेक जान्हवी कमावत होती, घर चाललं होतं. पण सकाळी उठून मला जायला जागा नव्हती. रात्ररात्र झोप नाही, दिवसा कुणाचा आवाज सोसायचा नाही. आपण घरातली अडगळ झालो असं वाटायचं, आणि ते वाटणं इतकं खरं वाटायचं की कुणाला विचारून खात्री करून घ्यायचीही गरज वाटेना. एका दुपारी सुलक्षणा बहिणीकडे बोरिवलीला गेली होती. मी उठलो आणि लोखंडी कपाटातला आतला कप्पा उघडला. कशासाठी, ते मला ठाऊक होतं. कप्प्यात नुसतं गुंडाळायचं फडकं होतं. लोकसभेची निवडणूक होती, खंडू. हत्यार आपण दोघांनीच जाऊन जमा केलं होतं. माझं डोकं इतकं ठिकाणावर नव्हतं, की मी ते साफ विसरलो होतो.

मी तिथेच फरशीवर बसून राहिलो. रडलो वगैरे नाही. उन्हं उतरली. सुलक्षणा आली आणि खाली कशाला बसलात म्हणाली. मी म्हटलं, गार वाटतं. तिने माझ्यापुढे गवार टाकली आणि आम्ही दोघं निवडत बसलो. गवार निवडून होईतो ते जे काही अंगात शिरलं होतं ते थोडं मागे सरलं. गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं, त्यानंतरही आलं. पण दर वेळी कप्पा रिकामा आणि दर वेळी ते आपलं आपण ओसरायचं. हे कुणी मला आधी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. त्या क्षणी वाटतं की हे आता असंच राहणार. ते राहत नाही. पुढे झोप येत नाही म्हणून सुलक्षणाने डॉक्टरकडे नेलं, त्या बाईंनी बाकीचं हळूहळू विचारून घेतलं, औषधं चालू झाली. निकालानंतर तू मला ओढत ठाण्यात नेलंस, तोवर मी बराच सावरलो होतो. घरी आल्यावर कप्प्याची किल्ली मी सुलक्षणाच्या हातात दिली. त्यानंतर जान्हवीचं लग्न पाहिलं, नातू मांडीवर घेतला, तुझ्याशी भांडलो, मिसळी खाल्ल्या. एवढं सगळं मला मिळालं, आणि मी शूर किंवा शहाणा होतो म्हणून नव्हे. वस्तू घरात नव्हती, एवढंच.

माझं मी आता कायमचं सोडून दिलं. परवाना नको म्हणून परवाच लिहून देऊन आलो. तुझं तू सोड असं मी म्हणत नाही. ते तुझं स्वतःचं आहे आणि तुझा तो चेहरा मी विसरलेलो नाही. फक्त ते आत्ता ठाण्यातच राहू दे. तिथे ते सुखरूप आहे, आणि तू मला सुखरूप हवा आहेस. मनात काय चाललंय ते मला सांग, वाट्टेल ते सांग, मी एकही विनोद करणार नाही. नंतर त्या डॉक्टरबाईंकडे आपण दोघं जाऊ, आणि विकीला काय सांगायचं, कसं सांगायचं, ते मिळून ठरवू. वहिनींच्या जाण्यावर माझ्याकडे इलाज नाही. पण तू एकटा आहेस हे खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे दाखवायला मी असल्फ्याला आलो आहे. या शेवटच्या ओळी तुझ्या जिन्यात लिहितोय; हे पत्र दाराखालून सरकवून मी तुझ्या दाराबाहेर पायरीवर बसतोय. वाचायला हवा तेवढा वेळ घे. मग दार उघड, यार.

तुझाच,
लवू