लिक्विडच बरं

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

...आणि दुसरी भाकरी तव्यावर टाकून मी दारात डोकावले, तर हे अजून बोनेटवरच. माझं पाणी भरून झालं होतं, धार काढून झाली होती, अंगण सारवून झालं होतं. ह्यांचा दोन वीत निळा पत्रा पुसून झालेला. फडक्याच्या टोकाला मेणाची पेस्ट घ्यायचे, हाताला लागू द्यायचे नाहीत. नंतर भाकरीला वास येतो म्हणायचे. मग गोल गोल फिरवायचे. मग वाळायला थांबायचे. मग दुसरं फडकं. तीस वर्षं एसटी चालवली, तिच्यावर कधी तांब्याभर पाणी मारलं नाही. रिटायर झाल्यावर ही जुनी गाडी घेतली आणि जन्माची हौस तिच्यावर काढली.

आठवण म्हणून लिहिलं नाही. पेस्टमध्ये वेळ किती जातो याची नोंद राहावी म्हणून लिहिलं.

ठरलं. गाडी विकायची. हे जाऊन सव्वा वर्ष झालं. मला चालवता येत नाही, गाडी शेडमध्ये झाकून उभी आहे. राजनंदिनी पुण्याहून रोज फोन करते की आई, उभ्या उभ्या सडेल. भोंगवलीची शिवानी, वेल्ह्याच्या बाजूला नर्स आहे, ती रविवारी १६ तारखेला बघायला येणार. तोवर गाडी चमकली पाहिजे. ह्यांची गाडी मळकी गेली असं कामथडीत कुणी म्हणता कामा नये.

बाकी मला काही वाटत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

सारोळ्याला जाऊन आले. इब्राहीमभाईंचं हायवेला गाड्या धुण्याचं सेंटर आहे. एसटीत मेकॅनिक होते, ह्यांचे तिथलेच मित्र. मी सरळ विचारलं, पेस्ट आणि लिक्विडमध्ये फरक काय. त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. (मधलं बोट अर्धंच आहे, डेपोत असताना पंख्याच्या पट्ट्यात गेलेलं.) पेस्ट घट्ट असते, थोडी थोडी लावायची, अर्धा दिवस जातो, हात भरून येतात, पण तीन-चार महिने टिकते. लिक्विड पातळ, भराभर पसरतं, तासात काम होतं, पण लवकर उतरतं. आणि काही लिक्विडमध्ये मळ काढायचं औषध असतं, ते खालचं जुनं मेणही घेऊन जातं.

मग म्हणाले, "घरी डबा हाय की वहिनी. पेस्टचा. त्योच लावा."

मी सांगितलं, डबा संपला.

डबा संपलेला नाही. अर्धा आहे. पण वापरण्यासारखा नाही, तेव्हा हे खोटं होत नाही. त्यात ह्यांची तीन बोटं उमटलेली आहेत. शेवटच्या दिवाळीत पेस्ट काढली तेव्हाची. मधली खूण जरा आखूड आहे, बोट वाकवलं असणार. आणि फडकं त्या दिवशी सापडलं नसणार. तिथून पेस्ट घेतली की खुणा गेल्या.

लिक्विड घेतलं त्याचं कारण मात्र हे नाही. लिक्विडला वेळ कमी लागतो. माझे खांदे दुखतात. आणि नवीन वस्तू माणसाने वापरून बघावी.

७ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी ६

आजचा बेत. सात वाजता धुणं. आठला लिक्विड. नऊला चहा. दहाला गाडी तयार.

बाटलीवरचं सगळं वाचलं. माझी शाळा दुसरीत सुटली, पुढचं वाचन मी गाडीत शिकले. हे चालवायचे, मी शेजारी बसून पाट्या वाचायच्या. कापूरहोळ. किकवी. शिरवळ. चुकलं की हे गाडी बाजूला घेऊन ब्रेक मारायचे, बरोबर वाचेपर्यंत पुढं न्यायचे नाहीत. मागच्यांनी हॉर्न वाजवले तरी नाही. नंतर इंग्रजी अक्षरंही अशीच लागली. तेव्हा बाटलीवरच्या चार ओळींनी मी हटणार नाही. शेवटची ओळ फार बारीक होती, ती सोडली.

दुपारी १

बाटली संपली. लिक्विड केसाला तेल घालतात तसं सगळ्या गाडीवर घालून घेतलं आणि मुरावं म्हणून चहा प्यायला गेले. ठकुबाई शेजारून आली, तिचं बोलणं लांबलं. येऊन बघते तर ऊन चढून शेडमध्ये आलेलं आणि गाडीवर ताक सांडून वाळल्यासारखं. जुन्या पातळाने घासलं. पातळाला जरीचा काठ होता हे आधी लक्षात आलं नाही. बोनेटवर चार रेघा.

इब्राहीमभाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, सावलीत लावलं ना, एकेक भाग करून पुसलं ना. मी हो म्हटलं.

बाटली जुन्या मालातली असावी.

९ फेब्रुवारी, रविवार

नवी बाटली. आज माझी स्वतःची पद्धत काढली. ऊन शेडमध्ये यायच्या आधी, सावलीत. मऊ सुती फडकं. थोडं थोडं लिक्विड. एक दरवाजा झाला की पुसायचा, मगच दुसरा.

चमकली. ठकुबाईला तिच्यात स्वतःचं तोंड दिसलं, तर तिने केस सारखे केले.

मेण बसलं की नाही याची ह्यांची एक परीक्षा होती. तांब्याने पाणी टाकायचं. थेंब गोल उभे राहिले तर मेण आहे. बोनेटवर टाकलं, पाणी पसरलं. दरवाजावर, पसरलं. टपाच्या मधोमध मात्र थेंब भिजवलेल्या साबुदाण्यासारखे उभे. तिथं माझा हात पोचत नाही, तिथं मी लिक्विड लावलेलंच नाही. म्हणजे लिक्विड आपोआप वर चढत गेलं असावं. इतकं चांगलं आहे ते.

सात दिवस राहिले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी शेडमध्ये गेले. पेस्टचा डबा पत्र्याखालच्या फळीवर असतो. पत्रा तापलेला. डबा हातात घेतला तर कोमट, उघडला तर पेस्ट सैल झालेली. खुणांच्या कडा बसत चाललेल्या. डबा आडवा होऊ न देता, श्वास धरून, स्वयंपाकघरात आणला आणि फ्रीजमध्ये ठेवला. दुधाच्या शेजारी. तासाने पाहिलं. पेस्ट घट्ट. तिन्ही बोटं जागेवर. मधलं आखूड, ते थोडं आणखी आखूड झालंय.

राजनंदिनीचा फोन. आई, शेडमधले जुने डबे-बाटल्या टाकून दे, शिवानीला बरं दिसणार नाही. सांगितलं, शेडमध्ये आता एकही डबा नाही. हे अगदी खरं आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ठकुबाई विरजण मागायला आली. मी कणकेत हात घातलेले, म्हटलं घे फ्रीजमधून. पुढच्या क्षणी आठवलं. वळले तर तिने पेस्टच्या डब्याचं झाकण काढून चमचा वर धरलेला.

मी तिच्या मनगटाला धरलं. कणकेच्या हातानेच. जोरात धरलं असणार, चमचा पडला.

ठकुबाई म्हणाली, "आगं, लोणी हाय का सोनं?"

मी म्हटलं औषध आहे. गुडघ्याचं. तिने विचारलं, लावून काही फरक पडतो का. मी म्हटलं पडतो. आता तिलाही पाहिजे आहे.

डबा वरच्या कप्प्यात, बर्फाच्या मागे ठेवला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

उसाचे ट्रक सर्व्हिस रोडने जातात, पाचटाचा भुसा उडतो. सगळा गाडीवर. आणि तो पुसून निघत नाही, लिक्विड जास्त झालेल्या जागी चिकटला आहे. काचांच्या काळ्या रबरांवर पांढरे डाग पडलेत. दात घासायच्या ब्रशने तासभर घासलं. रबर राखाडी झालं. तांब्याची परीक्षा घेतली नाही.

शिवानीला फोन करून म्हटलं, २३ तारखेला ये. गाडी अजून तयार नाही, वरचं काम चालू आहे. ती म्हणाली तिला रोज दोन एसट्या आणि एक वडापची जीप धरावी लागते, येत्या सोमवारपासून ड्युटी बदलतेय, तोवर गाडी पाहिजेच. नाहीतर शिरवळला दुसरी बघून ठेवली आहे. "मावशी, धुळीचं काय घिऊन बसलाय? गाडी रस्त्यावरच जानार हाय न्हवं?"

राजनंदिनीचा लगेच फोन. तिला शिवानीने सांगितलेलं. आई, तुला विकायचीच नाही का?

मी म्हटलं, असं काही नाही. चमक आली की देणार. चमक येत नाही याला मी काय करू?

मी फोन कानाला धरून रबर बघत बसले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

इब्राहीमभाई दुपारी न बोलावता आले. फडकी घेऊन. गाडीभोवती एक चक्कर मारली, बोनेटवरून तळहात फिरवला. मग टपाकडे हात लांबवला आणि तिथंच ठेवला. म्हणाले, मधे जुनं मेण अजून हाय. झाकून ठिवली म्हणून राहिलं. बाकीचं लिक्विडनं काढून नेलं.

मी म्हटलं, काढून नेलं म्हणजे काय?

म्हणाले, त्या दिवाळीला लावलेलं, ते.

मी शेडच्या खांबाला टेकून उभी राहिले. लिक्विड मी दोनदा लावलं होतं. आधी घासून, मग परत घासून. एक भाग सोडला नव्हता.

ते म्हणाले, उद्या पोरगी येणार, आता पेस्टशिवाय इलाज नाही, मी हाताने लावून देतो, डबा द्या. मी म्हटलं संपला. ते म्हणाले, अर्धा होता वहिनी, म्या बघितलाय. तेव्हा मी आत गेले, बर्फामागून डबा काढला आणि त्यांच्यापुढे उघडला. एकदा दाखवला की मागणार नाहीत.

"ह्याला हात लावायचा न्हाई. ही ह्यांची बोटं हायेत."

इब्राहीमभाईंनी डबा उजेडात धरला. बघत राहिले. मग आपली तीन बोटं खुणांवर आणली. टेकवली नाहीत, वरच धरली. अर्ध्या बोटाखाली आखूड खूण.

"वहिनी, ही माजी बोटं हायेत."

मी म्हटलं, बोटं काय, कुणाचीही बसतील. मी माझी धरून बघितली. बसली नाहीत.

मग त्यांनी सांगितलं. दिवाळीच्या आदल्या दिवशी हे सारोळ्याला गाडी घेऊन गेले होते. डबा बरोबर होता. डावा हात भरून आलाय म्हणाले. स्टुलावर बसले आणि हितं राहिलं, तिथं राहिलं, असं करत सगळी गाडी इब्राहीमभाईंकडून घासून घेतली. इब्राहीमभाई फडक्याने लावत नाहीत, हाताच्या उबेने पेस्ट नरम होते.

"म्हणले, हिला सांगू नको. ती लगीच पुण्याला दवाखान्यात न्हील, दिवाळी जाईल. म्या न्हाई सांगितलं."

दिवाळीनंतर सोळाव्या दिवशी हे गेले.

इब्राहीमभाई खाली बघत होते. सव्वा वर्ष ते माझ्याकडे येत होते, जात होते, आणि हे त्यांच्या पोटात होतं. चहा ठेवला. साखर दोनदा पडली. त्यांनी कप रिकामा केला.

शेवटी मी विचारलं, स्टुलावर बसून काय बोलत होते?

ते म्हणाले, "तुमची तक्रार. म्हणले, आता इंग्रजी पाट्या बी वाचाया लागली, माजं काय खरं न्हाई."

त्यांना म्हटलं, तुम्ही जा. उद्याचं मी बघते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

शनिवारी वही मिटली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी डबा उघडला आणि हाताने पेस्ट काढली. बोटं घातली तशा तिन्ही खुणा गेल्या. बोनेटपासून सुरू केलं, थोडी थोडी, गोल गोल. वाळू दिली. पुसली. साडेदहा वाजले. टपाच्या मधोमध हात पोचत नव्हता, स्टूल घेतलं नाही. ते तसंच ठेवलं.

शिवानी अकराला आली. बोनेटकडे बघितलं नाही. डिकी उघडली, लशींचा डबा बसेल का ते पाहिलं, जॅक कुठं आहे विचारलं. मग म्हणाली, बसा मावशी, एक चक्कर मारू.

शेजारी बसले. नसरापूर फाट्यापर्यंत गेलो. फाट्याची पाटी मी मोठ्याने आणि मुद्दाम चुकीची वाचली. गाडी थांबली नाही.

परत येऊन तिला चावी दिली. ती गेल्यावर भाकऱ्या केल्या. भाकरीला मेणाचा वास आला. खाल्ली.