हंड्यावरचं नाव

छत्रपती संभाजीनगर,
दि. १ ऑक्टोबर २०२५

ती. सुरेखाआत्यास,
योगिनीचा सा. न. वि. वि.

तुझा कान दुखायचा थांबला का? फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की अख्खी बिल्डिंग गोळा होते, म्हणून कागद काढला. काढला तोही काळजीनंच.

आंबेवस्तीहून बोलावणं आलंय. खुलताबादच्या डोंगराखालची तीच वस्ती, जिथं २००६ साली पाझर तलाव फुटला आणि तुझ्याबरोबर मी कॉलेजच्या पोरींना घेऊन मदतीला गेले होते. तलाव नव्यानं बांधलाय, यंदा काठोकाठ भरलाय. बारा तारखेला जलपूजन आणि तेव्हाच्या मदतवाल्यांचा सत्कार. पत्रिका फ्रिजवर लावलीय. पाणी घ्यायला गेलं की ती दिसते आणि मी दार तसंच लावून टाकते.

तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. गाळातून निघालेली भांडी शाळेच्या ओट्यावर मांडून, त्यांवरची नावं वाचून ज्याची त्याला द्यायचं काम तू मला दिलं होतंस. एका तांब्याच्या हंड्यावर 'सांडू' असं टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं. वस्तीत सांडूआप्पा होते. मी चारचौघांत हाक मारली आणि हंडा त्यांना दिला. दुसऱ्या दिवशी आपला ट्रक निघताना साळूबाई नावाची बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. तांब्या पुढं करत म्हणाली, तो हंडा माझाय, माझ्या भावानं लग्नात दिलेला, आता भाऊ पण राहिला नाही. मी वाटपाच्या यादीवर बोट ठेवून म्हटलं, हंड्यावर तुमचं नाव नाही. आणि पाणी न घेताच ट्रकमध्ये चढले.

पुढं माझ्या लग्नात मामानं पितळी डबे दिले. प्रत्येकावर मामाचं नाव. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात, म्हणजे 'सांडू' हा तिचा भाऊ, एवढं मला त्या दिवशी कसं सुचलं नाही गं?

जाऊ, की तब्येतीचं निमित्त सांगू? नवा हंडा नाव घालून नेऊ का? लवकर लिही. तुझ्या उत्तराशिवाय मला झोप नाही.

तुझी भाची,
योगिनी


फुलंब्री,
दि. ६ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. योगिनीस,
आत्याचे अ. उ. आ.

कान बरा हाय, पण तुझं पत्र वाचून जीव थाऱ्यावर नाय. एवढी वर्षं पोटात ठेवलंस व्हय? लहानपणी लोणच्याची बरणी फोडलीस तवाबी अशीच आठ दिवस पलंगाखाली काचा लपवून बसली होतीस.

नवा हंडा नेऊ नको. बाजारातला हंडा तिचा भाऊ थोडाच देतोय? आन् निमित्त तर अजिबात नाय. सत्काराच्या आधी तिच्या दारात जा, ती बोलंल ते खाली मान घालून ऐक. मला गाडीत बसवत नाय, नायतर मीच आले असते. काम मी दिलं होतं, नाव देणाऱ्याचं असतं हे बजावायचं मलाबी सुचलं नाय. मला लई लागलंय ते.

एकच भ्या वाटतं. सांडूआप्पा आता तिथलं वडीलधारं माणूस, पूजा त्यांच्याच हातनं असंल. तू बोललीस तर त्यांची मान खाली जाईल, नाय बोललीस तर साळूबाईची गेलेलीच हाय. जपून कर. जेवून जा, रिकाम्या पोटी तुला चक्कर येते.

आल्याबरोबर कळव, मी पोस्टमनची वाट बघत बसते.

तुझी,
सुरेखाआत्या


छत्रपती संभाजीनगर,
दि. १३ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

जेवून गेले होते, काळजी नको.

साळूबाई थकलीय, पण मला बघताक्षणी ओळखलं. बस म्हणाली, पाणी मात्र विचारलं नाही. हंडा सांडूआप्पांच्या अंगणात चुलीवर असतो, आंघोळीच्या पाण्याला. ती रोज त्याच अंगणावरून विहिरीवर जाते. एवढ्या वर्षांत तिनं एकदाही मागितला नाही, कारण तो यादीवाल्या बाईनं सगळ्यांदेखत दिला होता. मी माफी मागायला लागले, तर तिनं हातानंच थांबवलं.

"चारचौघांत दिलास, चारचौघांत सांग."

आत्या, शाल सांडूआप्पांनीच घातली गं, आणि किती मायेनं! मला बोलायला सांगितलं तेव्हा हातातला नारळ निसटला. तरी बोलले. सगळं, नावानिशी. चूक माझी, हंडा साळूबाईचा. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आप्पा मान खाली घालून बसले. स्वतःच्या जिवाला बरं वाटावं म्हणून मी एका म्हाताऱ्या माणसाची अब्रू घेतली, असं वाटून मला रडू फुटलं. तेवढ्यात त्यांची बायको राजाबाई उठून तरातरा निघून गेली. संपलं सगळं, असं वाटलं.

ती परत आली ती डोक्यावर हंडा घेऊन. काजळीनं काळाकुट्ट. साळूबाईपुढं ठेवला आणि म्हणाली, आमचा वाहून गेलता, घरात बाळंतीण होती, नाव जुळलं म्हणून ठेवला. मग परत द्यायला तोंडच राहिलं नाही.

साळूबाईनं हंडा जवळ ओढला. माती घेऊन हंड्याचा काठ घासत बसली, पूजा तशीच खोळंबली. टिंबं दिसायला लागली तेव्हा तिनं त्यांवरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नाही. मग हंडा विसळला, तलावात बुडवून भरला, त्यातून तांब्या भरला आणि सगळ्यांना ओलांडून माझ्याकडं आली.

"पी पोरी. तवा तशीच गेलतीस."

पाण्याला धुराचा वास होता. मी तांब्या रिकामा केला.

काळजी घे, आणि माया आहे तशीच राहू दे.

तुझी भाची,
योगिनी