शेजाऱ्याचं कुंपण

ती. आईस,

साष्टांग नमस्कार. मी सुखरूप आहे. वणव्यात गोठा गेला, पण घर आणि विहीर वाचली, देवाची कृपा. तुझे गुडघे कसे आहेत?

मी पोचण्याआधीच शेजाऱ्यानं जळालेल्या कुंपणाच्या जागी नवं घातलं. म्हणाला, "शेजारधर्म हो, दुसरं काय!" एवढा गोड तो कधी नव्हता.

आज राख ओढताना जुन्या खांबांची जळकी बुडं सापडली, विहिरीच्या पलीकडे. नवं कुंपण अलीकडे आहे.

पाण्याला जाताना तुला कधी कुंपण ओलांडावं लागलं का? आठवून कळव. ताईला सांगू नकोस, ती भांडायलाच येईल.

तोवर पूजेचं पाणी मी तारेखालून वाकून त्याच विहिरीचं आणतो. देव बघतोच आहे, शेजाऱ्यानंही बघावं.

तुझा,
थोरला