पेटीवरची गोधडी

वेनबोच्या बाबांना,

मी सुखरूप आहे, जिवाला घोर लावून घेऊ नका. इथे हार्बिनकडे हाडं फोडणारी थंडी आहे, पण आपल्या लेकाच्या घरात कोळसा नाही की धूर नाही. बाहेरच्या गारठ्यातूनच ऊब ओढून आत सोडणारं यंत्र आहे.

त्या यंत्राच्या अंगणातल्या पेटीवर बर्फ चढलेला पाहून मला कीव आली. सूनबाईने "इथे लागत नाही" म्हणून बाजूला टाकलेली माझी गोधडी मी त्या पेटीवर पांघरली. यंत्राची हवा कोंडली, घर गारठलं.

"अहो आई, यंत्राला कसली थंडी वाजतेय? ते उघड्यावरच हवं!" सूनबाई कडाडली. वेनबोने गोधडी ओढून काढली.

तुम्ही आपल्या विटांच्या खांगखाली जाळ घालून वर झोपता ना?

आतल्यांना ऊब हवी, तर कुणीतरी बाहेर कुडकुडायचंच असतं. हे मला शिकवायला यंत्र कशाला हवं होतं?

तुमची,
फेंगशिआ