चार गोदावरी

२८ एप्रिल, रविवार. निलंगा.
पोचले बाई एकदाची! नांदेडहून एसटीने कंबरडं मोडलं, पण खोली झकास आहे. कूलर, टेबल, खिडकीशी कडुलिंब. अंबरीशरावांना दिवाळीपर्यंत घराण्याचा कुलवृत्तांत छापून हवाय, म्हणजे मी त्यांच्या घरी राहून मेलेल्यांची हजेरी घ्यायची. शाळेतली नोकरी सुटल्यापासून हेच करतेय. मेलेले निदान वर्गात दंगा करत नाहीत. घरात माणसं तीनच: अंबरीशराव, मागच्या खोलीत त्यांची चौऱ्याण्णव वर्षांची दगडाआत्या, आणि आत्याचं सगळं करणारी गौरम्मा. अक्षय्य तृतीयेला माझा भाऊ गोदाला इथे आणून सोडणार आहे. नऊ वर्षांची पोर आजीकडे ठेवून यायचं म्हणजे जीव तुटतो. नांदेडची म्हणून हौसेनं नदीचं नाव ठेवलंय, गोदावरी.

३० एप्रिल, मंगळवार.
घराण्याच्या जुन्या वहीत एकाच मुलीच्या मृत्यूच्या तीन तारखा! तिचंही नाव गोदावरी. अंबरीशराव म्हणाले की त्यांची एक चुलत बहीण लहानपणी गेली, बाकी लिहिणाऱ्यानं घोळ घातला असेल. मूळ आजीचं नाव पुन्हा पुन्हा ठेवायची या घराची रीत होती म्हणे. म्हणजे माझ्या मागे घोळ निस्तरणं आलंच.

दुपारी ओसरीवर बसले होते. फाटकाशी एक माणूस आला, धुळीनं भरलेले पाय, अगदी थकलेला. पाणी मागितलं, प्यायला आणि विचारलं, गोदावरी इथंच राहती का. लई वर्सं झाली, हुडकून राहिलो, म्हणाला. मला त्याची दयाच आली. मी सांगितलं, इथे त्या नावाचं कुणी नाही, पण माझ्या मुलीचं तेच नाव, ती अक्षय्य तृतीयेला येतेय. बरं झालं, म्हणाला आणि गेला. गौरम्माला हे कळल्यावर ती माझ्यावर खवळलीच. दारातल्या माणसाला कुणी नाव सांगतं व्हय, लई वंगाळ केलंस अक्का, म्हणाली. ओसरीवरचा तांब्याही तिनं घासून काढला.

३ मे, शुक्रवार.
दोन दिवस जन्ममृत्यूची जुनी रजिस्टरं. डोळे चुरचुरतात, पाठ धरलीय. पण घोळ सुटला. तीन मृत्यू म्हणजे तीन वेगळ्या मुली, बापही वेगळे. १९५१, १९६३, १९७४. तिघी नऊ वर्षांच्या. तिघी अक्षय्य तृतीयेला गेल्या. हे मला आवडलं नाही. त्याहून वाईट म्हणजे जन्म चार आहेत. पहिली गोदावरी जन्मली, आणि तिचा मृत्यू कुठेच नाही.

६ मे, सोमवार.
गौरम्मानं सांगितलं. आत्याच्या आईची तिच्या आधीची तीन लेकरं गेली होती. म्हणून कागदावर गोदावरी लिहिलं, आणि हाक मारायला दगडाबाई. दगडाला कोण नेतंय? त्या नावानं कुणी हाक मारली तरी ओ द्यायची न्हाई, एवढंच तिला शिकवलं. मग नाव रिकामं पडून राहिलं, ते घरच्यांनी पुढच्या पोरींना ठेवलं. त्या पोरींना कुणी काही शिकवलं नव्हतं.
मी हसले. भाकरी मात्र अर्धीच टाकून उठले.

८ मे, बुधवार.
तो पुन्हा आलाय. कडुलिंबाखाली बसलाय. काही मागत नाही. भावाला फोन करून सांगितलं, गोदाला आणू नकोस. कारण काय सांगणार? बरं म्हणाला.

९ मे, गुरुवार.
आत्याजवळ बसले. तिनं सगळं कबूल केलं. तिन्ही वेळा त्याची हाक तिला ऐकू आली होती. तिन्ही वेळा ओठ मिटून बसली. माझ्या नावानं तिघी गेल्या, आता दमले बाई, उद्या ओ देते, म्हणाली. मी वंशावळीत लिहिलं: दगडाबाई ऊर्फ गोदावरी. तिनं त्यावर अंगठा उमटवला. मला रडू आलं. किती शिणली आहे ती, आणि मीही.

१० मे, अक्षय्य तृतीया. सकाळ.
आईचा फोन. गोदा रडली म्हणून भाऊ पहाटेच्या गाडीनं तिला घेऊन निघाला. मला चकित करायचंय म्हणे. भावाचा फोन बंद — बंदच —

अकरा.
आत्याला सांगितलं. तिनं मान हलवली. गौरम्मानं तिला नवं लुगडं नेसवलं.

साडेअकरा.
मीच फाटकाशी गेले. वंशावळ त्याच्यासमोर धरली. ही तुमची गोदावरी, अंगठा बघा, मागच्या खोलीत आहे. त्यानं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाचता येत न्हाई बाई, म्हणाला. मी हाक मारतो. जी ओ देती, ती माझी.

पावणेबारा.
आत्याच्या उशाशी बसलेय. लिहिते आहे, कारण हात थांबला तर —
फोन बंद.

बारा.
त्यानं हाक मारली. एकदा. आत्यानं ऐकलं. माझ्याकडे पाहिलं —
आत्या, द्या ना ओ. पाया पडते —
ओठ मिटले तिनं. घट्ट.
रिक्षा थांबली बाहेर. फाटक वाजलं. गोदाचा आवाज, कोण बोलावतंय मला —
दुसरी हाक —
गोदा, नको, ओ देऊ न —